संग्रहाचें स्थलांतर आणि ‘भक्कम जागा’

संग्रहालयांतील वस्तु कांहीं काळ अन्यत्र हलविण्याचा प्रसंग आला, मग तो युद्धामुळें असो कीं इमारतीच्या दुरुस्तीमुळें असो, चालकमंडळींचा पहिला प्रश्न ‘भक्कम जागा कोठें मिळेल?’ असा असतो. प्रश्न गैर नाहीं. परंतु बहुधा तो एकटाच विचारला जातो. या दृष्टीच्या समर्थनार्थ वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीचा दाखला वारंवार पुढें करण्यांत येतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीचीं चित्रें १९४१ पासून १९४५ पर्यंत तेथें डोंगराच्या पोटांत राहिलीं व सुखरूप परत आलीं; यावरून डोंगरानें चित्रें राखिलीं, असा निष्कर्ष काढितात. तो आम्हांस मान्य नाहीं.

पहिली गोष्ट ही कीं, चित्रें प्रथम खाणींत गेलींच नव्हतीं. १९३९ च्या ऑगस्ट अखेरीस, युद्ध पुकारलें जाण्यापूर्वीच, तीं लंडनांतून निघालीं आणि बँगोर येथील कॉलेज, पेन्ऱ्हिनचा वाडा, ॲबरिस्टविथ येथील वेल्सचें राष्ट्रीय ग्रंथालय अशा ठिकाणीं वांटून ठेवण्यांत आलीं. जर्मन विमानें इतक्या पश्चिमेस येणार नाहींत, हा त्या वेळचा हिशेब होता. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्स पडलें आणि हिशेब खोटा ठरला. चित्रें कॅनडास धाडावीं असा विचार निघाला. चर्चिल यांनीं तो साफ नाकारला. मग खाणीचा शोध लागला. जी जागा एका वर्षीं उत्तम, तीच दुसऱ्या वर्षीं धोक्याची झाली. भिंती मात्र होत्या तशाच होत्या. जागेची योग्यता ही संकट कोणतें यावर ठरते, तिच्या भक्कमपणावर नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मूळ खाण थंड व दमट होती. व्हॅन डाइक यानें काढिलेलें पहिल्या चार्ल्सचें अश्वारूढ चित्र बारा फुटांहून उंच आहे. तें आंत जावें म्हणून सुरुंग लावून खाणीचें तोंड मोठें करावें लागलें, आणि वाटेंतील पुलाखालचा रस्ता खोदून खालीं न्यावा लागला. आंत विटांच्या स्वतंत्र खोल्या बांधल्या, त्यांत हवा तापवून सोडली. त्यामुळें उष्णमान सुमारें ६३ अंश फॅरनहाइट व सापेक्ष आर्द्रता शेंकडा ४२ च्या आसपास सतत राखतां आली. लंडनांतील दालनांत रंगाचे पापुद्रे सुटणें, फोड येणें हें नित्याचें होतें. खाणींत तें जवळजवळ थांबलें. पुढें गॅलरीनें स्वतःच्या दालनांतील हवेचें नियमन करण्याचें मनावर घेतलें, त्यास हा अनुभव कारण झाला. डोंगरानें दिलें तें बाँबपासून आडोसा देणारें छप्पर. चित्रें राखिलीं तीं विटांच्या खोल्यांनीं, ऊबेनें आणि रोज फिरून पाहणाऱ्या माणसांनीं.

याचा पडताळा पाहावयाचा तर पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश म्यूझियमचें उदाहरण घ्यावें. तेथील वस्तु लंडनच्या भुयारी मार्गांत ठेविल्या होत्या. भुयार भक्कमच होतें. परंतु वस्तु बाहेर काढल्या तेव्हां लोखंड गंजलेलें, कांशास कीड लागलेली आणि दगडांतून क्षार वर आलेले आढळले. त्या नुकसानीच्या चौकशींतूनच १९२० त तेथील प्रयोगशाळा निघाली. मॅनॉडचे गोडवे गाणारे या भुयाराचें नांव सहसा घेत नाहींत.

आणखी एक मुद्दा. मॅनॉड येथें मार्टिन डेव्हिस चित्रांच्या सहवासांत राहून त्यांचा अभ्यास करीत होते. नेदरलंडी चित्रांची त्यांची सूची १९४५ सालीं प्रसिद्ध झाली. १९४२ पासून दर महिन्यास एक चित्र लंडनला नेऊन लोकांस दाखवीत. हवें तें चित्र हवें तेव्हां हातीं येई, म्हणूनच हें शक्य झालें. कोठीचें दार लावून किल्ली कनवटीस लावणें म्हणजे रक्षण नव्हे.

आमच्याकडे याचा विचार दफ्तरांच्या संबंधानें करावा लागतो. एखाद्या घराण्याचें दफ्तर दुरुस्तीच्या काळापुरतें हलवावयाचें झालें, तर जाड भिंतींचा रिकामा वाडा सर्वांस पसंत पडतो. जाड भिंत ओल धरते आणि रिकाम्या वाड्यांत वाळवी असते, हें कोणी पाहत नाहीं. पावसाळ्याचे चार महिने त्या खोलींत हवा कशी असते, हें मोजून पाहिल्याखेरीज ती घेऊं नये. नदीकांठच्या जागेबद्दल तर पुण्यांत सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें पाणी किती वर चढलें तें विसरण्याजोगें नाहीं. दुसरें, रुमाल हलवितांना त्यांचा क्रम मोडला तर कागद जिवंत राहून निरुपयोगी होतात, कारण कोणता कागद कोणाच्या दफ्तरांतला याचा पुरावा पुष्कळदां त्या क्रमांतच असतो. यासाठीं रुमालवार याद्या दोन प्रतींत कराव्या, आणि त्यांतील एक प्रत ज्या जागीं रुमाल जातील तेथें ठेवूं नये.