अनिष्टाची समस्या आणि ईयोबाचे पुस्तक : ख्रिस्ती ईश्वरसमर्थनाची चिकित्सा

प्रास्ताविक

ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो पूर्णतः चांगला आहे आणि तरीही जगात अनिष्ट आहे, ही तीन विधाने एकाच वेळी सत्य कशी मानावयाची, हा ख्रिस्ती धर्मविचारापुढील अत्यंत अवघड प्रश्न होय. चौथ्या शतकाच्या प्रारंभी लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने हा पेच एपिक्यूरसच्या नावावर नोंदवून ठेवला. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने ईश्वराच्या अस्तित्वाविरुद्धचा पहिला आक्षेप म्हणून त्याचीच मांडणी केली. म्हणजेच हा प्रश्न केवळ नास्तिकांनी बाहेरून उपस्थित केलेला नाही. श्रद्धेच्या घरातही तो प्रथमपासून वावरत आला आहे.

अनिष्टाचे साधारणतः दोन प्रकार मानले जातात. हत्या, गुलामगिरी, युद्ध ही मानवी कृतीतून उद्भवणारी नैतिक अनिष्टे होत. तर भूकंप, दुष्काळ, रोगराई ही नैसर्गिक अनिष्टे होत. या दोहोंच्या संदर्भात ईश्वराचे न्यायीपण सिद्ध करण्याच्या प्रयत्नास लायब्निट्सने १७१० मध्ये 'थिऑडिसी' हे नाव दिले. त्यासाठी येथे 'ईश्वरसमर्थन' ही संज्ञा वापरली आहे. या समर्थनांची तार्किक तपासणी पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखात त्यांना एक वेगळी कसोटी लावावयाची आहे : ईश्वराचा बचाव करताना दुःख भोगणाऱ्या माणसाविषयी खोटे बोलावे लागते काय? ही कसोटी बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकानेच पुरविली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रमुख समर्थने आणि त्यांची किंमत

ऑगस्टीन (३५४–४३०) तारुण्यात सुमारे नऊ वर्षे मानी पंथाचा अनुयायी होता. प्रकाश आणि अंधार अशी दोन स्वतंत्र तत्त्वे मानणाऱ्या त्या पंथात अनिष्टाचा उगम सांगणे सोपे होते. एकच निर्माता मानल्यावर मात्र अनिष्ट कोणी निर्माण केले, हा प्रश्न टाळता येईना. ऑगस्टीनने उत्तर दिले, की अनिष्ट ही स्वतंत्र वस्तू नसून चांगुलपणाचा अभाव आहे. आंधळेपणा म्हणजे जसा दृष्टीचा अभाव. हा अभाव स्वतंत्र इच्छाशक्तीच्या पतनातून आला आणि आदामाच्या पापाबरोबर मृत्यू व यातना मानवजातीच्या वाट्याला आल्या.

या मांडणीने निर्मात्यावरील दोष दूर होतो, हे खरे. पण तो दोष जातो कोठे? तान्ह्या मुलांच्या यातनांचा प्रश्न आला तेव्हा ऑगस्टीनने त्या यातनांनाच मूळ पापाचा पुरावा ठरविले. ईश्वर न्यायी आहे, मूल यातना भोगते आहे. तेव्हा मूलही दोषी असलेच पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे. तो सुसंगत आहे, परंतु त्याची सुसंगती एका अर्भकाला आरोपी करून मिळविलेली आहे.

दुसरी परंपरा दुसऱ्या शतकातील इरेनियसकडे जाते. जॉन हिक याने १९६६ मध्ये तिला आधुनिक रूप दिले. मनुष्य अपूर्ण निर्माण झाला असून त्याचा आत्मा घडविण्याची शाळा म्हणजे हे जग, असा तिचा आशय आहे. धोका नसेल तर धैर्य नाही आणि कोणाला उणीव नसेल तर करुणा नाही, हे मान्य करावे लागते. परंतु दुःखाची वाटणी शिक्षणाच्या गरजेनुसार झालेली दिसत नाही. काही माणसे दुःखाने घडतात, तर पुष्कळशी चिरडली जातात. हिकलाही याची जाणीव होती, म्हणूनच त्याला मरणोत्तर जीवनाचा आधार घ्यावा लागला. शिवाय एकाचे मरण हे दुसऱ्याच्या करुणेचे साधन ठरविले, तर मरणाऱ्याला त्यात कोणते स्थान उरते?

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सर्व संतांच्या सणाच्या सकाळी लिस्बन शहरात भूकंप झाला. त्या वेळी चर्चमध्ये उपासनेसाठी लोक जमलेले होते. हे जग शक्य असलेल्या सर्व जगांत उत्तम आहे, या लायब्निट्सच्या प्रतिपादनावर व्हॉल्टेअरने 'कांदीद' (१७५९) मध्ये जो उपहास केला, त्याला या घटनेची पार्श्वभूमी आहे.

विसाव्या शतकात वाद अधिक काटेकोर झाला. जे. एल. मॅकीने १९५५ मध्ये उपरोक्त विधानांत तार्किक विसंगती असल्याचा दावा केला. त्यावर अ‍ॅल्विन प्लँटिंगाने १९७४ मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या आधारे अशी विसंगती सिद्ध होत नसल्याचे दाखविले. मात्र आपण केवळ बचाव करीत आहोत, ईश्वराचा प्रत्यक्ष हेतू सांगत नाही, असा भेद त्याने काळजीपूर्वक केला. हा संयम महत्त्वाचा आहे.

ईयोबाची साक्ष

ईयोब हा ऊस देशातील सात्त्विक व संपन्न गृहस्थ. त्याची संपत्ती जाते, सात मुलगे व तीन मुली मरतात, अंगभर फोड उठतात. तो निर्दोष आहे, हे कथेच्या आरंभीच वाचकाला सांगितलेले आहे. अलीफज, बिल्दद व सोफर हे मित्र सांत्वनासाठी येतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसून राहतात. ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, तेव्हा त्यांचे मौन सुटते आणि समर्थन सुरू होते. ईश्वर न्यायी आहे. ज्या अर्थी तू भोगतोस, त्या अर्थी तू पाप केले असलेच पाहिजे, हा त्यांच्या सर्व भाषणांचा सारांश आहे. पुढे अलीफज तर ईयोबाने विधवांना रिक्त हस्ते परत पाठविले, असे कल्पित अपराधही त्याच्या माथी मारतो.

पुस्तकाचा खरा धक्का अखेरीस आहे. ईश्वराचा कोप होतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर ईश्वराची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. ते ईश्वराविषयी यथार्थ बोलले नाहीत, ईयोब मात्र बोलला, असा निर्णय बेचाळिसाव्या अध्यायात दिला जातो. कांटने १७९१ मधील निबंधात सर्व तात्त्विक ईश्वरसमर्थनांचे अपयश प्रतिपादन करताना याच कथेचा आधार घेतला. मित्र ईश्वराची मर्जी राखण्यासाठी, स्वतःस ठाऊक नसलेले ठामपणे बोलतात. ईयोब जे वाटते तेच बोलतो. कांटच्या दृष्टीने हा प्रामाणिकपणाच निर्णायक ठरतो.

तथापि या ग्रंथाचा गौरव करून थांबणे चिकित्सेला धरून होणार नाही. ईयोबाची परीक्षा आरोप करणाऱ्या सैतानाच्या आव्हानातून घडते, ही प्रस्तावना अस्वस्थ करणारी आहे. वावटळीतून होणारे ईश्वराचे भाषण सृष्टीची अफाटता दाखविते, परंतु ईयोबाने विचारलेल्या न्यायाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. उपसंहारात सात हजार मेंढरांची चौदा हजार होतात. मुले मात्र पुन्हा सात व तीनच. गुरांची भरपाई दुपटीने होऊ शकते; मेलेल्या मुलांची भरपाई कोणत्या हिशेबाने करावयाची? दस्तयेव्हस्कीच्या 'कारमाझफ बंधू' (१८८०) मध्ये याच जागी झोसिमा हा वृद्ध साधू क्षणभर थबकतो : पहिली मुले गेली असता नव्यांवर प्रेम कसे करता येईल? त्याच कादंबरीत इव्हान असे सांगतो, की अंतिम सुसंवादाची किंमत एका मुलाच्या अश्रूंनी चुकवावी लागत असेल, तर त्या सुसंवादाचे प्रवेशपत्र तो परत करतो. इव्हानचा युक्तिवाद ईश्वराच्या अस्तित्वाविरुद्ध नाही, समर्थनाविरुद्ध आहे. या अर्थाने तो ईयोबाचाच वारस ठरतो.

नव्या करारातील वळण

योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? पूर्वसंचिताची भाषा परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. त्याच्या उत्तरात ईश्वरी कार्य प्रकट होण्याचा उल्लेख आहे. त्यामुळे हेतूचा प्रश्न पूर्णतः संपत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु दुःखावरून दोष काढण्याची रीत तेथे निःसंदिग्धपणे मोडली जाते.

क्रूसावरील प्रसंगात तर परित्यक्ततेचा आक्रोश स्वतः येशूच्या मुखी येतो. युर्गेन मोल्टमान या जर्मन धर्मचिंतकाने किशोरवयात, १९४३ मध्ये, हॅम्बुर्गवरील बॉम्बवर्षाव अनुभवला होता. शेजारी उभा असलेला मित्र त्यात मारला गेला आणि हा वाचला. 'क्रूसावरील ईश्वर' (१९७२) या ग्रंथात त्याने ईश्वर निर्विकार व अस्पर्श आहे, ही जुनी धारणा नाकारून तो दुःखात सहभागी आहे, असे प्रतिपादन केले. हेही स्पष्टीकरण नव्हे. सहभागाने दुःखाचे कारण कळत नाही. सोसणारा एकटा नाही, एवढेच सांगितले जाते. जो दुःख थांबवू शकतो त्याने केवळ सोबत करावी हे पुरेसे आहे काय, हा आक्षेप शिल्लक राहतोच.

महाराष्ट्राच्या संदर्भात येथे पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली व विधवांना आणून आश्रय दिला. संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या रमाबाईंनी ईयोबाचे पुस्तकही मराठीत आणले. दुष्काळ का पडू दिला गेला, याचे उत्तर केडगावच्या मुक्ती सदनातून मिळत नाही. पण भुकेल्या मुलीला तिच्या भुकेचे कारण ऐकविण्याआधी भाकर द्यावी लागते, हा क्रम तेथे प्रत्यक्षात दिसतो.

निष्कर्ष

ईश्वर अनिष्टाला वाव का देतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ख्रिस्ती परंपरेने दिलेले नाही, असेच उपरोक्त विवेचनावरून म्हणावे लागते. तार्किक विसंगतीच्या आरोपातून सुटका होणे आणि शोकग्रस्त आईला उत्तर मिळणे, या भिन्न गोष्टी होत. मात्र त्या परंपरेच्या धर्मग्रंथानेच खोट्या उत्तराविरुद्ध निवाडा देऊन ठेवला आहे आणि ती तिची मोठी कमाई आहे. सोसणाऱ्याला दोषी ठरविणारे किंवा त्याला दुसऱ्याच्या उन्नतीचे साधन करणारे समर्थन, ते कितीही सुसंगत असो, त्या निवाड्यानुसार ईश्वराविषयीचेही असत्यच ठरते. ही कसोटी कर्मविपाकादी अन्य समर्थनांनाही लावून पाहण्याजोगी आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस योग्य वागले. त्यांची चूक झाली ती आठव्या दिवशी, त्यांनी कारणे सांगावयास आरंभ केला तेव्हा.