प्रश्न शब्दात असतो की वाक्यात?

चिनी आणि कोरियन या दोन्ही भाषांत प्रश्नार्थक शब्द इंग्रजीप्रमाणे वाक्याच्या आरंभी येत नाही. उत्तराचा शब्द जिथे येईल तिथेच तो बसतो. तेवढ्यावरून या भाषांना एकाच कप्प्यात टाकले जाते. हे वर्गीकरण आम्हाला अपुरे वाटते.

चिनीत 'शन्म' म्हणजे 'काय'. 'नी शियांग माय शन्म?' म्हणजे 'तुला काय विकत घ्यायचे आहे?' याच्या शेवटी 'मा' जोडला की अर्थ होतो, 'तुला काही विकत घ्यायचे आहे का?' शब्द तोच, जागाही तीच. पण 'काय'चे 'काही' झाले. मात्र 'मी काहीतरी घेतले' अशा साध्या विधानात नुसता 'शन्म' सहसा चालत नाही. त्याला 'मा', नकार किंवा 'जर' यांचा आधार लागतो.

कोरियनमध्ये असा आधार लागत नाही. 'नुगा वास्सॉ' या शब्दांचे 'कोण आले?', 'कोणी आले का?' आणि 'कोणीतरी आले' असे तिन्ही अर्थ होतात. फरक असतो तो आवाजाच्या चढउताराचा. आग्नेयेकडील क्यॉंगसांग बोलीत तर क्रियापदाचा प्रत्ययच निवाडा करतो: 'काय'ची विचारणा असेल तर '-नो', 'हो की नाही'ची असेल तर '-ना'.

जेम्स हुआंग यांनी १९८२ च्या प्रबंधात मांडले, की चिनी प्रश्नशब्दही वाक्यारंभी सरकतो, फक्त ते सरकणे ऐकू येत नाही. त्यांचा पुरावा वजनदार आहे. 'त्याने विचारले, तू काय घेतलेस' यात प्रश्न आतल्या वाक्यापुरता राहतो. 'तुला वाटते, त्याने काय घेतले?' यात तो सबंध वाक्याचा होतो. चिनीत दोन्हीकडे 'काय'ची जागा सारखीच असते. पण 'काय'चे 'काही' का होते, हे यातून कळत नाही.

लिसा चेंग यांनी १९९१ मध्ये त्याचे उत्तर दिले. हा शब्द मुळात प्रश्नार्थक नसतोच. तो केवळ मोकळी जागा दाखवतो आणि प्रश्न येतो तो वाक्यातील प्रश्नदर्शक अव्ययातून. कल्पना सुबक आहे. परंतु रोजच्या चिनी 'काय'-प्रश्नात असे अव्यय बहुधा उच्चारलेच जात नाही. म्हणजे न ऐकू येणाऱ्या हालचालीच्या जागी न ऐकू येणारे अव्यय आले! प्रश्नशब्द जागीच राहणे, त्याला 'काही'चा अर्थ असणे आणि प्रश्नाव्यय असणे या गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या नाहीत, हे बेंजामिन ब्रुएनिंग यांनी २००७ मध्ये दाखवले.

तरीही चेंग यांच्या म्हणण्याचा गाभा आम्हाला ग्राह्य वाटतो: प्रश्न एकट्या शब्दात नसतो. वर्गात आपण प्रश्नार्थक सर्वनामांची यादी पाठ करून घेतो. त्याऐवजी फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत: 'हे कोणी सांगितले?' आणि 'हे कोणी सांगितले का?' पहिल्याचे उत्तर नाव, दुसऱ्याचे 'हो' किंवा 'नाही'. 'कोणी' मात्र तोच. मग 'कोणी' हा शब्द यादीत कुठे बसवायचा, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.