माकड आणि पाना

'मंकी आयलंड' ह्या संगणकावरील साहसखेळाचे पहिले दोन भाग पुनः पाहण्याचा योग नुकताच आला. पहिला १९९० सालचा, दुसरा १९९१ सालचा; रॉन गिल्बर्ट हा दोहोंचा मुख्य कर्ता. तत्पूर्वीच्या पुष्कळ साहसखेळांत नायक पावलोपावलीं मरे. येथें पडद्यावरील क्रियापद व वस्तु निवडली कीं काम होतें, आणि चुकीस मरणाची शिक्षा बहुधा नाहीं. त्यामुळें खेळणारा निर्भयपणें विचार करूं लागतो.

तरी दोन्ही भागांची योग्यता सारखी नव्हे. पहिल्या भागांत चाच्यांचें द्वंद्वयुद्ध आहे. तलवार नाममात्र, खरी लढाई टोमण्यांची. प्रतिपक्ष्याच्या टोमण्यास चपखल उत्तर दिलें तर सरशी. उत्तर येत नसेल तर खुशाल हरावें, तोच टोमणा दुसऱ्यावर टाकावा व त्याच्या तोंडून उत्तर शिकावें. शेवटीं तलवारबाजींत निष्णात अशी कार्ला अगदीं निराळे टोमणे मारते. उत्तरें मात्र जुनींच, तीं कोठें लागू पडतात हें ओळखावयाचें. सारी शिदोरी खेळाच्या आंतच आहे. ह्याहून सुबक रचना ह्या जातीच्या खेळांत मला आढळली नाहीं.

दुसऱ्या भागांत एक धबधबा बंद करावयाचा असतो. त्यासाठीं गुत्त्यांत पियानो वाजविणारें माकड केळ्यानें गुंगवावें, खिशांत घालावें व पंपावर पान्यासारखें फिरवावें! कां? तर अमेरिकेंत पान्याच्या एका जातीस 'मंकी रेंच' म्हणतात म्हणून. खुद्द इंग्लंडांतहि पान्यास 'स्पॅनर' म्हणण्याचीच रूढि. मग आपली काय कथा? नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या आमच्या चोरखमाऱ्यास माकडें कांहीं दुर्मिळ नाहींत, आणि पंपाचा पाना कसा धरावा हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. परंतु त्या दोहोंची सांगड त्याच्या भाषेंत कधीं पडलेलीच नाहीं. चांगल्या कोड्याचें उत्तर ऐकणाऱ्याच्या ओळखीचें, फक्त झांकलेलें असतें. येथें तें त्याच्यापाशीं नाहींच.

श्लेष हा भाषेचा अलंकारच ना, असें कोणी म्हणेल. खरें, पण कवितेंतील श्लेष कळला नाहीं तर वाचक पुढच्या ओळीकडे वळतो, खेळांत दारच बंद होतें. मग ही वस्तु त्या वस्तूस लावून पाहण्याची हमाली तेवढी उरते.

२०१० सालीं दुसऱ्या भागाची नवी आवृत्ति निघाली. चित्रें नव्यानें काढलीं, संवादांस आवाज दिले, अडलेल्यास सूचना मिळण्याची सोय केली; माकड मात्र पंपावर तसेंच ठेवलें.