केडगावची शांती : रमाबाईंच्या ‘टेस्टिमनी’चे एक वाचन

शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला जाणाऱ्या एसटीने भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो, आणि चौफुल्यापासून थोड्याच अंतरावर केडगाव. तिथल्या मुक्ती मिशनविषयी आपल्याकडे लिहिले गेले ते बहुधा समाजसुधारणेच्या किंवा धर्मांतराच्या वादाच्या अंगाने. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली ‘टेस्टिमनी’ मात्र पुस्तक म्हणून फारशी कोणी वाचत नाही. मी ख्रिस्ती नाही. पत्नी गेली त्या वर्षी जो भेटे तो मला ‘आता शांत व्हा’ म्हणे. शांत व्हायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नव्हते. त्या दिवसांत हे पुस्तक हाती आले.

आधी शब्दाकडे पाहू. मराठीत शांती ‘करतात’. वास्तुशांती, ग्रहशांती, उदकशांती, साठीशांत. मुहूर्त, साहित्य, दक्षिणा, सारे ठरलेले. म्हणजे शांती हे कर्माचे फळ आहे, आणि त्या कर्माला खर्च येतो. मराठी बायबलनेही हाच शब्द उचलला, पण तिथे क्रियापद फिरले. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निरोपाच्या वेळी शिष्यांना शांती ‘देतो’, आणि आपले देणे जगाच्या देण्यासारखे नाही असे बजावतो. पौल आणखी वेगळे बोलतो. करिंथकरांस लिहिताना तो आत्म्याच्या कृपादानांची यादी देतो, त्यात शांती नाही. गलतीकरांच्या पत्रात ती आत्म्याच्या फळात येते, प्रीती आणि आनंद यांच्यानंतर तिसरी. दान एकदम हाती पडते, फळाला दिवस लागतात. प्रवचनकार हा फरक सहज ओलांडून जातात. रमाबाईंच्या पुस्तकाचा कणा मला या फरकातच दिसतो.

‘टेस्टिमनी’चा पूर्वार्ध हा एक जमाखर्च आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे करते, पुराणे सांगते, उपासतापास आणि अनुष्ठाने करते, जवळचे द्रव्य दानधर्मात घालते. जमेच्या बाजूला काहीच येत नाही. दुष्काळात वडील, आई, बहीण जातात. पुढे १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. या मजकुरात आक्रोश जवळजवळ नाही. केलेल्या कर्मांची नोंद तेवढी आहे, आणि वाचणाऱ्याच्या छातीवर ती नोंदच बसते.

१८८३ साली वाँटेजला बाप्तिस्मा झाला. इथे वाचकाची अपेक्षा असते की आता शांती येईल. ती येत नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असे रमाबाई स्वतःच नोंदवतात. मधली सुमारे आठ वर्षे त्या अस्वस्थच आहेत. स्वतःच्या धर्मांतराबद्दल इतका निरुत्साही मजकूर मी दुसरीकडे वाचलेला नाही, आणि म्हणूनच त्यांच्या पुढच्या शब्दावर माझा विश्वास बसतो. जे मिळाले ते विकत घेण्यासारखे नव्हते, हे त्यांना कळते. जिने आयुष्यभर किंमत मोजली, तिलाच ‘फुकट’ या शब्दाचे वजन कळणार.

पण ही शांती निवांत नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणल्या. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेचा जो उमाळा आला त्यात शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत. टीकाकारांनी त्याला उन्माद म्हटले. हिब्रू ‘शालोम’चा अर्थ गप्प बसणे नसून अखंडपण, धडपण असा आहे, हे ध्यानात घेतले तर तो गोंगाट आणि ही शांती यांत मला विरोध दिसत नाही. एकनाथांना आपण शांतिब्रह्म म्हणतो ते त्यांच्या न ढळण्यासाठी. रमाबाई ढळतात आणि तरी उभ्या राहतात.

इथे एक अडचण मी टाळू शकत नाही. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे ठरले होते, ती राहिली नाही असे वाटून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांचा आक्षेप आजही पुसला जात नाही. उपाशी पोरीला भाकरीबरोबर जे दिले जाते ते नाकारायला ती कितपत मोकळी असते? पुस्तकातला आवाज रमाबाईंचा आहे. देणारीला जे दान वाटते ते घेणारीला दानच वाटले का, हे त्यातून समजत नाही. ‘टेस्टिमनी’ची ही मर्यादा तिच्या भक्तांनीही मान्य करावी.

तरीही एक पुरावा मला पुस्तकाबाहेर सापडतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, साध्या बायकांना वाचता यावे म्हणून. त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती मुलगी, गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. छापलेला ग्रंथ बाहेर आला १९२४ साली.