वाट, पत्र आणि रूपक : अठराव्या शतकातील मराठी गद्याच्या वाचनाची एक दिशा

प्रस्तावना

अठराव्या शतकातील मराठी गद्याची समीक्षा प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. बखरीत इतिहास किती व वाङ्मय किती, हा पहिला. तिच्या शैलीचे विशेष कोणते, हा दुसरा. हे गद्य ज्या वाटा, घाट आणि जासूद-कासिदांच्या आधारे घडले, त्यांचा विचार मात्र इतिहासकारांवर सोपविला गेला. इंग्रजीच्या अभ्यासकांनी रिचर्डसनच्या 'पामेला' (१७४०) या पत्ररूप कादंबरीचा टपालाशी आणि फील्डिंगच्या 'टॉम जोन्स'चा (१७४९) रस्त्यांशी असलेला संबंध तपासला आहे. ती दृष्टी मराठी गद्याला कितपत लावता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पत्र आणि रूपक

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पराभवाची वार्ता वाटेतच एका सावकारी पत्रातून समजली. मनुष्यहानी त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेत सांगितली होती. हा मजकूर बहुधा शोकाची काव्यमय अभिव्यक्ती म्हणून वाचला जातो. ते वाचन अपुरे आहे. सावकारांचे व्यवहार हुंडीवर चालत व त्यासाठी त्यांचे स्वतःचे कासीद असत. पत्र वाटेत परक्या हाती पडण्याचे भय असताना हिशेबाची भाषाच सुरक्षित होती. रूपक येथे अलंकारशास्त्रातून नव्हे, तर वाटेवरील धोक्यातून आले आहे.

याच भाषेने आणखी एक गोष्ट उघड केली. मोत्यांची आणि मोहरांची संख्या पत्रात आहे, खुर्द्याची नाही. सामान्य शिपाई मोजणीबाहेर राहिला, आणि पत्र वाहणारा कासीदही अनाम राहिला. कात्रजहून पुण्याच्या हौदांपर्यंत पाणी आणणारा नळ नानासाहेबांच्या नावे ओळखला जातो. तो खोदणारे हात त्या नावात येत नाहीत.

मर्यादा

तथापि केवळ साधनांवरून कृतीचे मूल्य ठरत नाही. त्याच वाटांनी असंख्य रुक्ष पत्रेही गेली. सारी स्मरणात राहिली नाहीत. वाट भाषेला मर्यादा घालते. त्या मर्यादेत काय लिहावे, हे लिहिणाराच ठरवितो.

निष्कर्ष

आंजी (मोठी) ज्या वर्धा परिसरात आहे, तेथे अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. येथील विद्यार्थ्याला बखर ही पुण्याची गोष्ट वाटते. परंतु गावातील पायविहीर, जुनी पांदण, नदीचा उतार यांची नोंद घेऊन तो भोसलेकालीन पत्रव्यवहार वाचू लागला, तर ते गद्य त्याच्या पायाखालच्या जमिनीशी जोडले जाईल. रूपक कोणते, एवढेच न विचारता ते कोणी वाहून आणले, हेही आपण वर्गात विचारले पाहिजे. खुर्द्याची गणती तेथूनच सुरू होईल.