सहा आठवड्यांचा युरोप आणि आपले कान

आजचा विषय संयोजकांनी दिला तेव्हा मी आधी थोडा कचरलो. 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी युरोपातले उन्हाळी संगीत अभ्यासक्रम'. हा विषय नांदेड-लातूरच्या श्रोत्यांपुढे? पण गेल्या काही वर्षांत अशी माहितीपत्रकं घेऊन पालक माझ्याकडे येऊ लागले आहेत. चार ते सहा आठवडे, व्हिएन्ना, साल्झबुर्ग, प्राग, मैफली, संग्रहालयं, शेवटी प्रमाणपत्र आणि क्रेडिट. तेव्हा ही माहितीपत्रकं आपण एखादा ग्रंथ वाचावा तशी वाचू. त्यांचा दावा काय आहे आणि तो टिकतो का, एवढंच बघायचं.

या पत्रकांतला मुख्य शब्द आहे 'एक्स्पोजर'. मुलांना एक्स्पोजर मिळतं, असं आपणही सर्रास म्हणतो. हा शब्द छायाचित्रणातही वापरतात. जुन्या कॅमेऱ्यात रीळ असायचा आणि त्यावर रसायनाचा थर असायचा. थर असेल तर क्षणभराच्या प्रकाशातही चित्र उमटायचं. थर नसलेली फिल्म दिवसभर उन्हात ठेवली तरी त्यावर काय उमटणार? पत्रक सांगतं ते प्रकाशाबद्दल. थराबद्दल त्यात अवाक्षर नाही. माझी पहिली तक्रार ही आहे.

आता म्हणाल, सर, थोड्या दिवसांत कुणी काही शिकलंच नाही का? शिकलं ना. झुबिन मेहतांचं उदाहरण घ्या. 1956 च्या उन्हाळ्यात ते इटलीत सिएना इथल्या किजियाना अकादमीच्या उन्हाळी वर्गाला होते. क्लाउदिओ अब्बादो आणि दानिएल बारेनबॉइम हेही तिथेच होते. तिघंही पुढे जगातले मोठे संगीत-संचालक झाले. पत्रकवाल्यांना यापेक्षा चांगली जाहिरात मिळणार नाही! (हशा) पण त्या उन्हाळ्याच्या मागे काय होतं ते बघा. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, मुंबईत वाद्यवृंद उभा करणारे. घरात तालमी चालायच्या, त्या ऐकत हा मुलगा वाढला. 1954 साली, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकायला गेला. तिथे मेहता आणि अब्बादो चक्क समूहगायकांत जाऊन उभे राहिले. कशासाठी? तर ब्रूनो वाल्टर, कारायान यांच्यासारखे दिग्गज तालीम कशी घेतात ते जवळून बघता यावं म्हणून. मैफलीचं तिकीट पैसे मोजून मिळतं, पण तालमीत शिरायला काहीतरी काम यावं लागतं. सिएनाचा उन्हाळा फळला, कारण त्याच्याआधी थर तयार होता.

आपल्याकडचं आणखी एक उदाहरण प्रोफेसर बी. आर. देवधरांचं. 1933 साली ते फ्लॉरेन्सच्या आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेला गेले. पण त्याआधी त्यांनी पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला होता आणि मुंबईत स्वतःचं संगीत विद्यालयही चालवत होते. परतल्यावर सांगायला त्यांच्यासमोर विद्यार्थी होते. जाण्याआधी काहीतरी होतं आणि आल्यावरही काहीतरी होतं. प्रवास या दोहोंच्या मधला.

दुसरी तक्रार साधी आहे, वेळापत्रकाची. बहुतेक कार्यक्रम जुलै-ऑगस्टमध्ये, कारण ते अमेरिकन सुट्टीच्या मापाने शिवलेले. आणि नेमकं त्याच दोन महिन्यांत व्हिएन्नाचं सरकारी ऑपेरागृह बंद असतं. तिथला फिलहार्मोनिक वाद्यवृंद साल्झबुर्गच्या महोत्सवात असतो. मग शहरात उरतं काय? मोझार्टसारखे पांढरे टोप घालून रस्त्यावर तिकिटं विकणारी पोरं. हे मी ऐकीव सांगत नाही. व्हिटगेन्श्टाइनवरचं एक चर्चासत्र ऑस्ट्रियात किर्शबेर्ग गावी दर ऑगस्टमध्ये भरतं. त्यासाठी मी एकदा गेलो आणि दोन दिवस व्हिएन्नात थांबलो. ऑपेरागृहाच्या बंद दाराशी फोटो काढून परतलो. (हशा) आपली सुट्टी तर मे-जूनमध्ये असते, नांदेडला डोकं तापवणारं ऊन असतं तेव्हा. त्या काळात तिथला हंगाम चालू असतो आणि उभ्याने ऐकायची तिकिटं अगदी स्वस्तात मिळतात. म्हणजे आपल्या मुलांनी जायचं तर आपल्या सुट्टीत जावं. हा साधा हिशोबसुद्धा पत्रकात नाही, कारण पत्रक आपल्यासाठी लिहिलेलंच नाही.

व्हिटगेन्श्टाइनचा विषय निघालाच आहे. त्याच्या घरी ब्राम्सचं येणं-जाणं होतं. भाऊ पाउल पियानोवादक, युद्धात उजवा हात गेला, तर राव्हेलने त्याच्यासाठी केवळ डाव्या हाताची रचना केली. अशा घरातला हा तत्त्वज्ञ एके ठिकाणी म्हणतो, त्याचा आशय असा की, एखादं वाक्य समजणं हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा सुरावट समजण्याच्या जास्त जवळचं आहे. म्हणजे काय? बंदिश 'समजली' हे कशावरून कळतं? तुम्ही व्याख्या सांगता म्हणून नव्हे. समेवर मान नेमकी हलते, पुढची जागा कुठे येणार हे अंगाला आधी कळतं, त्यावरून. हे कळणं सहवासातून येतं. सहा शहरं सहा आठवड्यांत पालथी घातली तर सहवास कुणाचा घडतो? बसचा.

तिसरी गोष्ट आपल्याला लागणारी आहे. नांदेडला सचखंड गुरुद्वारा आहे. गुरु ग्रंथसाहिबाची मुख्य मांडणी एकतीस रागांनुसार आहे. पहाटे तिथे 'आसा दी वार' गातात. इथल्या किती संगीत-विद्यार्थ्यांनी एक पहाट तिथे बसून काढली? औशाच्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन लातूरहून हाकेच्या अंतरावर. माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळी. माहूरला गोंधळ, संबळ. परदेशी शिक्षक आपल्या मुलाला पहिला प्रश्न काय विचारेल? 'तुमच्याकडे काय गातात?' तेव्हा यूट्यूब दाखवणार का?

उलट दिशेचा प्रवास बघा. रॉटरडॅमच्या संगीत महाविद्यालयात भारतीय संगीताचा विभाग निघाला, हरिप्रसाद चौरसिया तिथे वर्षानुवर्षं जात राहिले. युप बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये चौऱ्याहत्तर रागांची मार्गदर्शिका ध्वनिमुद्रणांसह काढली. त्यात आपल्या श्रुती सडोलीकर आणि विद्याधर व्यास गायले आहेत. त्या लोकांनी आपला राग सहा आठवड्यांत 'कव्हर' केला नाही.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम वाटते ना? आता तिची दुसरी बाजू सांगतो.

काही वर्षांपूर्वी लातूरचे एक शिक्षक, माझे जुने विद्यार्थी, मुलीला घेऊन घरी आले. मुलगी विशारद, गळा चांगला. चार आठवड्यांच्या अशाच एका वर्गाला तिची निवड झाली होती. खर्च बापाच्या वर्षभराच्या पगाराइतका. ते म्हणाले, सर, तुम्ही सांगाल तसं. मी आत्ता केलं तेच भाषण केलं, थर, फिल्म, सगळं. 'आधी इथलं शिक' म्हणालो. ती गेली नाही. निघताना तिने एवढंच विचारलं, "सर, तुम्ही गेला होतात तेव्हा किती दिवस होतात?"

नऊ दिवस होतो मी. आणि त्या दोन दिवसांत व्हिएन्नात, भर दुपारी, एका चर्चमध्ये कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं. मी मागच्या बाकावर तासभर बसलो. त्यातलं मला काही कळत नव्हतं, थर नव्हताच. तरी आज तीस वर्षांनी तो खर्ज माझ्या छातीत आहे. त्यानंतर मी ऐकायला लागलो. म्हणजे कधीकधी प्रकाशच थर तयार करतो, ही शक्यता माझ्या सिद्धांतात बसत नव्हती. माझ्या आयुष्यात मात्र ती घडून गेली होती. जी मुभा मी स्वतःला दिली, ती त्या मुलीला नाकारली. पैशाची काळजी खरी होती, पण तिच्यावर मी तत्त्वज्ञानाची शाल पांघरली.

म्हणून आज कुणी विचारलं तर सरसकट 'नको' म्हणणार नाही. तीन अटी घालीन. एक, जाण्याआधी सहा महिने रोज ऐकायचं, आणि आपल्या गावचं एक तरी गाणं नीट मांडता यायला हवं. दोन, सहा शहरं नकोत, एकच शहर, एकच शिक्षक. तीन, आल्यावर वर्षभर आपल्या गावातल्या मुलांना ते ऐकवायचं. या अटी पाळणाऱ्या मुलांचा खर्च बापाने एकट्याने का सोसावा? वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांवर लातुरात किती पैसा उलाढाल होतो, हे आपण सगळे जाणतो. त्यातला चिमूटभर वाटा दरवर्षी एका गाणाऱ्या मुलासाठी निघू नये, इतकं हे शहर गरीब नाही.

प्रश्न असतील तर घेऊ.