चांगला माणूस, वाईट माणूस आणि बंदूक

सार्वजनिक वादांत जे युक्तिवाद वापरले जातात त्यांची तपासणी आपण या मालेत करतो आहोत. आजचा विषय अमेरिकेतला आहे. आपली पुष्कळ मंडळी तिकडं राहतात, आणि त्यांची मुलं-नातवंडं शाळेत दिवा मालवून, दार लावून, चिडीचूप बसण्याची तालीम करतात. आग लागली तर काय करायचं याची तालीम आपल्याला कळते. ही वेगळी आहे. तेव्हा प्रत्येक मोठ्या गोळीबारानंतर बंदूक बाळगण्याच्या हक्काचं जे समर्थन केलं जातं, ते कितपत टिकतं हे पाहू. समर्थन करणारे सगळे मूर्ख किंवा निर्दय आहेत असं आम्ही धरून चालणार नाही. तसं धरलं की तपासणी संपते.

सुरुवात सर्वांत गाजलेल्या विधानापासून करू. १४ डिसेंबर २०१२ला कनेटिकटमधल्या न्यूटाउन गावी, सँडी हुक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. आठवड्यानं नॅशनल रायफल असोसिएशनचे वेन लापिएर यांनी जाहीरपणे मांडलं, त्याचा आशय असा: बंदूकधारी वाईट माणसाला थांबवू शकतो तो फक्त बंदूकधारी चांगला माणूस. विधान चटपटीत आहे. पण त्यात एक गृहीतक गुपचूप शिरलं आहे, ते बघा. माणसं आधीपासूनच चांगली किंवा वाईट असतात आणि कायद्याला ती ओळखता येतात, असं ते गृहीतक. न्यूटाउनची बंदूक कुठून आली होती? हल्लेखोराच्या आईनं ती रीतसर, कायद्यानं विकत घेतली होती. त्या सकाळी पहिली गोळी तिलाच लागली. म्हणजे त्या दिवसापर्यंत ती बंदूक ‘चांगल्या माणसा’च्याच घरात होती की. २०२२ साली टेक्सासमधल्या युवाल्डीत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तिथल्या तरुणानं अठरा वर्षं पूर्ण होताच दोन रायफली दुकानातून कायदेशीरपणे घेतल्या होत्या. विकणाऱ्याच्या कागदावर तोही चांगलाच होता. चांगुलपणा हा माणसाचा कायमचा गुणधर्म नसतो, हे ॲरिस्टॉटलपासून आपण शिकवत आलो. एका सहीनिशी तो प्रमाणित करता येत नाही.

युवाल्डीचा दुसरा भाग सर्वांना ठाऊक आहे. वेगवेगळ्या दलांचे ३७६ सशस्त्र अधिकारी जमले, आणि वर्गात शिरून हल्लेखोराला मारायला ७७ मिनिटं लागली. समर्थक म्हणतील, हा त्या अधिकाऱ्यांचा दोष, तत्त्वाचा नव्हे. निम्मं बरोबर आहे. आणि न्यायानं बोलायचं तर त्याच वर्षी जुलैत इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये बावीस वर्षांच्या एका साध्या नागरिकानं आपल्या पिस्तुलानं हल्लेखोराला खरोखर थांबवलं. तोवर तिघे गेले होते, पण त्यानं आणखी किती वाचवले कोण जाणे. म्हणून ‘कधीकधी थांबवू शकतो’ हे विधान आम्ही मान्य करू. मूळ विधानात शब्द ‘फक्त’ असा होता, आणि वादाचा सगळा भार त्याच शब्दावर आहे.

आता घोषणा बाजूला ठेवून विचारवंताकडे वळू. मायकेल ह्यूमर या तत्त्वज्ञानं २००३ साली बंदूक बाळगण्याच्या हक्कावर एक निबंध लिहिला. आमच्या मते या बाजूनं केलेल्या मांडणीत तो सर्वांत नेटका. त्यातला दाखला असा. खुनी घरात शिरतो; त्याचा साथीदार बळी जाणाऱ्याला धरून ठेवतो. साथीदारही जवळपास खुन्याइतकाच दोषी, हे आपण सगळे मान्य करू. आता समजा, साथीदारानं धरून ठेवलं नाही, नुसती त्याच्या हाताशी असलेली बंदूक काढून घेतली. दोष कमी झाला का? नाही. मग सरसकट बंदी घालणारं सरकार आणि तो साथीदार यांत फरक काय?

दाखला जोरदार आहे. वर्गात दिला की पोरं गप्प होत असतील. पण साथीदाराला काय माहीत आहे ते पाहा. खुनी दारात उभा आहे, कोणाला मारणार आहे, सगळं त्याला दिसतंय. कायदा करणाऱ्याला यातलं काही दिसत नसतं. त्याच्यापुढं लाखो घरं असतात, आणि कुठल्या घरात बंदूक प्राण वाचवेल, कुठल्या घरात घेईल, हे आधी ठाऊक नसतं. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२२ साली एकूण मृत्यू ४८ हजारांच्या आसपास होते. ह्यूमर म्हणतील, स्वतःच्या जिवाचा निर्णय ज्याचा त्याचा. पण कपाटातली बंदूक बापाची आणि जीव सतरा वर्षांच्या मुलाचा, असं असलं की हे उत्तर पुरत नाही. शिवाय परवाना, तपासणी, कुलूप यांतलं काहीच ‘हातातून काढून घेणं’ नव्हे. दाखला बंदीविरुद्ध आहे आणि तो वापरला जातो नियमनाविरुद्ध, ही खरी गोम आहे.

इथं निसरड्या उताराचा युक्तिवाद येतो: आज तपासणी, उद्या नोंदवही, परवा जप्ती. असोसिएशनची ही जुनी भीती. पण २००८ साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी वैयक्तिक हक्क मान्य केला. म्हणजे उताराच्या तळाशी भिंतच बांधली. त्याच निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी हा हक्क अमर्याद नाही असंही लिहिलं. भीती त्यानंतर ओसरायला हवी होती. २०१३च्या एप्रिलमध्ये सिनेटपुढं आलेल्या दुरुस्तीत राष्ट्रीय नोंदवही करायला चक्क मनाई होती, तरी नोंदवहीच्याच भीतीनं तिला विरोध झाला. ५४ विरुद्ध ४६ मतं पडली. लागत होती ६०.

असो. समर्थनाचा सर्वांत बळकट मुद्दा समर्थकांच्या तोंडी क्वचितच नीट येतो, आणि तो आपल्या लोकांना लगेच कळावा असा आहे. परवाना कोणी द्यायचा? १९५६ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी शस्त्राचा परवाना मागितला, अलाबामात तो नाकारला गेला. १९६७ साली ब्लॅक पँथर पक्षाची माणसं उघड बंदुका घेऊन गस्त घालू लागली, तेव्हा कॅलिफोर्नियानं भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आणली. सही गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची, आणि रायफल असोसिएशनचा पाठिंबा! आपल्याकडे लिटनच्या १८७८च्या शस्त्र कायद्यात हेच होतं. युरोपियनांना सूट, हिंदी माणसाला परवाना. गांधीजींनी त्या कायद्याला ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळं म्हटलं, आणि ते वाक्य अमेरिकेतले बंदूकवाले हौसेनं उद्धृत करतात. पण ते वाक्य १९१८च्या सैन्यभरतीच्या पत्रकातलं आहे. हत्यार चालवायला शिकायचं तर सैन्यात जा, असा त्याचा रोख होता. घराघरात पिस्तूल हवं असं ते म्हणत नव्हते.

तरी मुद्दा उरतोच. २०२२च्या ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची ‘खास गरज दाखवा’ ही अट रद्द झाली, तेव्हा तिथल्या गरीब आरोपींचे वकीलही अट रद्द व्हावी म्हणून कोर्टात गेले होते. विनापरवाना शस्त्राबद्दल तुरुंगात जाणारे त्यांचे अशील बहुतेक काळे आणि लॅटिनो होते. ही समानतेची भूमिका प्रामाणिक आहे. असोसिएशनचं तसं म्हणता येत नाही. २०१६ साली मिनेसोटात परवानाधारक काळ्या मोटारचालकानं आपल्याजवळ शस्त्र आहे हे पोलिसाला स्वतःहून सांगितलं, आणि तो गोळी खाऊन मेला. त्या वेळी असोसिएशनचा आवाज फार क्षीण होता.

पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर उपाय काय? निकष कागदावर आणणं, सर्वांना सारखे लावणं. निकषच काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ब्रुएन निकालानंही लेखी निकषांवर चालणारी परवानापद्धत मोडीत काढलेली नाही. वय किती असावं, घरात हत्यार कुलपात असावं का, किल्ली कोणाकडे असावी, हे प्रश्न हक्क पूर्ण मान्य करूनही विचारता येतात. न्यूटाउनच्या त्या घरात विचारायचा प्रश्न किल्लीचाच होता.

इथं थांबतो. प्रश्न आले आहेत, ते घेऊ.